मेनत्ताची नक्षीची पुस्तकं

शाळेची मधली सुट्टी चालू होती. मोडनिंबच्या शाळेत मी मराठी शिकवते. डबा उघडला होता, तेवढ्यात फोनवर नान्नांचं नाव दिसलं आणि हातातला घास हातातच राहिला. नान्ना म्हणजे माझे वडील. ते आपणहून कधी फोन करत नाहीत, आपण केला तर उचलतात एवढंच. "पद्मा, राजमणी गेली..." ते म्हणाले. "सकाळी चा पिली, चांगली बोलली. दहाला हाक मारायला गेलो, तर..." पुढचं मी ऐकलं नाही. सोलापूरची गाडी मिळेपर्यंत स्टँडवर उभी होते आणि मनात एकच येत होतं, की आदल्या रविवारी तिनं मला थांब म्हटलं होतं आणि मी वह्या तपासायच्या म्हणून लवकर निघाले होते.

राजमणी माझ्या वडिलांची धाकटी बहीण. आमचं घर तेलुगू बोलणाऱ्या विणकरांचं. आत्याला आम्ही मेनत्ता म्हणतो. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला आणि ती सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत परत आली ती कायमची. नान्ना चादरीच्या कारखान्यात मागावर होते. मेनत्ता घरी विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात कातरलेली पानं, तंबाखू आणि दोरा. तिचे हात विडी वळायचे आणि डोळे भलतीकडेच असायचे... भिंतीच्या पोपड्यांवर, आईच्या लुगड्याच्या काठावर, शेजारणीनं दारात काढलेल्या रांगोळीवर. "बघते काय एवढं?" आई विचारायची. "काय न्हाई वदिना, बघायलेय," एवढंच उत्तर. वहिनीला ती वदिना म्हणायची आणि नान्नांना, थोरल्या भावाला, अन्ना.

मी पाचवीत असताना तिनं फुटाण्यांची पुडी आणली. फुटाणे मी खाल्ले, कागद तिनं घेतला. त्यावर एक वेल छापलेली होती, पानापानांतून वळत जाणारी, बारीक रेघांची. मला हाताला धरून ती तशीच परत फुटाणेवाल्याकडे गेली. त्याच्या गाडीवर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं, पिवळं पडलेलं, भरतकामाच्या नमुन्यांचं. कुठल्या शाळेतनं रद्दीत आलं होतं कोण जाणे. निम्मं पुस्तक पुड्या होऊन गावभर गेलं होतं. "दादा, फाडू नका हो," ती अशा आवाजात म्हणाली, की तो बिचारा घाबरलाच. त्याला कागद हवा होता, हिला पुस्तक. शेवटी तिनं आळीतल्या घरोघरी फिरून तेवढ्याच वजनाची वर्तमानपत्रं गोळा केली, त्यानं तराजूत घातली आणि अर्धं पुस्तक आमच्या घरी आलं. तिला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. मराठीसुद्धा ती अडखळत वाचायची. पण त्या पुस्तकासमोर ती अशी बसायची, की आपण हाक मारली तर परगावाहून आल्यासारखी वळून बघायची.

थोड्याच दिवसांत माझी गणिताची आलेखाची वही गायब झाली. वर्गात बाईंचा ओरडा खाऊन घरी आले, तर वही मेनत्ताच्या मांडीवर! पानामागून पान चौकोन भरलेले. मी रडायला लागले. तिनं मला जवळ ओढलं आणि म्हणाली, "पद्दू, हे बघ. पुस्तकातली वेल गोल वळतीय. पन अन्नाच्या मागावर गोल कुटं असतंय? सगळं उभं नि आडवं. मग चौकोनानंच गोल दिसलं पायजे की." जेकार्डच्या मागावर नक्षी विणायची, तर आधी ती चौकोनी कागदावर उतरवावी लागते, एकेक चौकोन म्हणजे धाग्याची जागा. त्यावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडतात आणि पुठ्ठे मागावर चढतात. नान्ना जेवताना जे बोलायचे ते ऐकून ऐकून तिनं हे सगळं डोक्यात बसवलं होतं. कारखान्यात हा कागद काढणारे सगळे पुरुष. बाईनं ग्राफ काढल्याचं आमच्यात कुणी ऐकलं नव्हतं.

नान्नांनी ती वेल कारखान्यात नेली. महिन्या-दीड महिन्यानं ती चादर होऊन घरी आली. मेनत्तानं चादर मांडीवर घेतली, वेलीवरनं बोट फिरवलं, उलटी करून मागची बाजू पाहिली. मग विचारलं, "मालक काय म्हनले?"

"चांगलं काढलंस म्हनले."

"काढलंस?"

नान्ना हातपाय धुवायला उठले. चादर नीट घडी घालून तिनं बाजूला ठेवली आणि सूप पुढे ओढलं. मी दारात उभी होते. दहा वर्षांच्या मुलीलाही कळलं, की घरात काहीतरी मोडलं.

त्यानंतर चार वर्षं हे असंच चाललं. ती काढायची, नान्ना आपलं म्हणून न्यायचे. नान्ना मागावरून उठून नक्षीच्या खोलीत खुर्चीवर बसायला लागले. पुढे मोठेपणी मी तिला विचारलं होतं, राग नाही का आला? "आला की. लई आला. पन रागानं हात थांबिवले असते तर नुकसान माझंच. अन्नानं नाव घेतलं, हात थोडेच घेतले?" या चार वर्षांत रद्दीवाल्यांना तिची ओळख झाली. जुनं चित्रांचं पुस्तक आलं की ते बाजूला ठेवायचे. कुठं लोकरीच्या विणकामाचं, कुठं लाकडावरच्या कोरीवकामाचं, कुठं नुसत्या अक्षरांच्या वळणांचं. वाळवी लागलेलं, पाठ तुटलेलं पुस्तक ती उन्हात ठेवायची, मागावरच्या खळीनं चिकटवायची आणि जुन्या चादरीच्या तुकड्यात गुंडाळायची.

मग एक दिवस नान्ना दुपारीच घरी आले, चेहरा उतरलेला. बाहेरगावचा व्यापारी आला होता. काठ थोडा बदलून हवा, आत्ताच समोर काढून दाखवा, असं तो म्हणाला होता आणि नान्नांचा हात कागदावर हललाच नव्हता. त्यांनी डोकं दुखतंय म्हणून वेळ मारून नेली. घरी येऊन बहिणीसमोर बसले आणि म्हणाले, "उद्या चल माझ्याबरोबर." दुसऱ्या दिवशी ती धुतलेलं लुगडं नेसून गेली. व्यापाऱ्यासमोर बसून तासाभरात काठ बदलून दिला. मालक बघतच राहिले. "बाई, मग आतापर्यंतचं हे सगळं... तुमीच काढलेलं?"

मेनत्तानं पेन्सिल खाली ठेवली. तिनं नान्नांकडे पाहिलं आणि वाट बघत राहिली.

"व्हय मालक," नान्ना म्हणाले. "सगळं तिचंच हाय. पैल्या वेलीपासनं."

नान्ना पुन्हा मागावर गेले आणि नक्षीच्या खोलीतल्या त्या खुर्चीवर मेनत्ता बसायला लागली. घरात आम्हाला वाटलं, आता भांडण होणार. झालं उलटंच. त्या रात्री चार वर्षांनी भाऊबहीण एका ताटावर बसून हसताना मी पाहिले. नान्ना अजूनही सांगतात, "त्या दिवशी ती माज्यासाठी खोटं बोलली असती ना, तर मी तिच्या तोंडाकडं पुन्ना बघू शकलो नसतो. ती गप बसली, म्हनून मी वाचलो." पुढची कितीतरी वर्षं तिची नक्षी नान्नांच्याच मागावर चढायची. एखादा धागा चुकला तर ती खोलीतून उठून यायची आणि सगळ्या खडखडाटात ओरडायची, "अन्ना, माझ्या पानाला देठ कुटंय?"

तिची टिटवीची चादर जुन्या लोकांना अजून आठवते. एका पुस्तकात तिला कुठल्याशा परदेशी पक्ष्यांची रांग सापडली होती. दोन आठवडे ती त्यांच्याकडे बघत होती. मग म्हणाली, "हे पाखरू आपलं न्हाई, मला त्याचं चालनं ठाव न्हाई," आणि रोज सकाळी कंबर तलावाच्या काठावर जाऊन बसायला लागली. तिथली टिटवी तिनं चादरीच्या काठावर आणली. लांब पायांची, मान वळवून मागं बघणारी. कारखान्यात हसाहस झाली. टिटवी ओरडली तर लोक अपशकून मानतात, टिटवी पांघरून कोण झोपणार? मालकांनी नाइलाजानं थोड्याच चादरी काढल्या. त्या कुठल्यातरी लग्नाच्या आहेरात गेल्या, तिथून मागणी आली, आणि पुढं दोन हिवाळे टिटवी मागावरून उतरलीच नाही. "बघनाऱ्याला शकुन दिसला की झालं," मेनत्ता म्हणाली.

मग संगणक आले. चौकोनी कागद बंद झाले आणि तीही घरी बसली. आम्हाला वाटलं, ती खचेल. पण काही वर्षांनी तेच संगणकावरचे मुलगे-मुली तिच्या दारात यायला लागले. सगळ्यांकडे तीच तयार चित्रं होती, सगळ्यांच्या टॉवेलवर तेच गुलाब. मेनत्ता त्यांना आत घ्यायची, पण तिची एक अट होती. पुस्तक घरी मिळणार नाही, फोटोही काढायचा नाही. इथं बसा, हवं तेवढा वेळ बघा. मग पुस्तक मिटायचं आणि मगच पेन्सिल घ्यायची. एक मुलगी म्हणाली, "आजी, निम्मं विसरतं की हो!" मेनत्ता हसली. "विसरलं ते पुस्तकाचं. राहिलं ते तुझं."

ती गेल्यानंतर तिच्या खोलीत साठ-सत्तर पुस्तकं निघाली. पुण्याहून जुन्या पुस्तकांचे एक व्यापारी आले, काही पुस्तकं फार दुर्मिळ आहेत म्हणाले, सगळी एकदम न्यायला तयार होते. मी विचारात पडले. नान्ना ऐंशीला आलेले, खोलीची वाळवी कोण बघणार? नान्नांनी त्यांना चहा दिला, दारापर्यंत पोचवलं आणि मला म्हणाले, "दर रविवारी खोली उघडायची. मी बसतो." मला वाटलं, दुःखात बोलतायत. पण पुढच्या रविवारी मी आले तर नान्नांनी दाढी केलेली, सतरंजी झटकलेली आणि माठ भरलेला. पहिल्या दिवशी तिघी आल्या. त्यातल्या दोघी विड्या वळणाऱ्या, आळीतल्याच, नुसत्या बघायला आलेल्या. तासभर बसल्या. जाताना एकीनं विचारलं, "पुढच्या रविवारी सुनंला आनू का?"

गेल्या रविवारी अकराजणी होत्या. आम्ही खोली बंद करणार, एवढ्यात एक बाई दारात आली. मूळची नातेपुत्याची, मेंढपाळांच्या घरातली, आता इथल्या दवाखान्यात परिचारिका आहे. तिच्या हातात घडी घातलेलं जुनं घोंगडं होतं. संकोचून म्हणाली, "हे पुस्तक न्हाय. पन काठ बघा की. रंगीत लोकरीनं हातानं भरलाय. हितं ठिवलं तर चालंल का?" घोंगड्याच्या काठावर लाल-पांढऱ्या टाक्यांची एक ओळ होती, डोंगरासारखी चढणारी-उतरणारी, मध्येच एका ठिकाणी मुद्दाम वाट सोडून गेलेली. खोलीतल्या सगळ्या बायका वाकून बघायला लागल्या. नान्नांनी सतरंजीवरची पुस्तकं सरकवली, घोंगडं दोन्ही हातांनी पसरलं आणि चष्मा पुसून जवळची एक कोरी वही पुढं ओढली.

"चालंल की," ते म्हणाले. "बसा. आधी मला सांगा, हे केलं कुनी? त्या बाईंचं नाव सांगा."