गव्हाणीचं उद्घाटन

आमच्या शेळ्यांच्या गव्हाणीचं उद्घाटन सरपंचांच्या हस्ते झालं.

गव्हाण म्हणजे चारा टाकायची लाकडी चौकट. तिला उद्घाटन लागतं, असं शेळ्यांचं म्हणणं नव्हतं. ते बाबांचं होतं. हिंगणीतल्या आमच्या किराणा दुकानात नवा वजनकाटा आला, तेव्हाही त्यांनी फीत बांधली होती. (पहिलं वजन सरपंचांच्या टोपीचं झालं. फार भरलं नाही.)

गव्हाण मात्र माझी. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी बी.ए. होऊन घरी बसलो होतो, आणि रिकाम्या पदवीधराला सुधारणेची हौस फार. शेळी पायाखाली आलेला चारा खात नाही, हे माझ्या ध्यानात आलं. एवढा स्वाभिमान माणसांतही दुर्मीळ, पण त्यापायी तुरीचं कुटार, म्हणजे मळणीतला भुसा, फार वाया जायचं. म्हणून सागाच्या उभ्या पट्ट्या ठोकून गव्हाण केली. शेळीनं फटीतून तोंड घालावं, खावं, तोंड काढून घ्यावं. फटीचं माप आमच्या बिनशिंगाच्या शेळीवरून घेतलं, कारण शांत उभी राहणारी तेवढी एकच. संशोधनात सहकार्य करणाऱ्याचंच माप घेतलं जातं!

उद्घाटनाचा मान कबरीला मिळाला. कबरी आईची लाडकी, गाभण, दिवस भरत आलेली, आणि मागे वळलेल्या शिंगांची. हळदकुंकू झालं, नारळ फुटला, सरपंचांनी चाऱ्याच्या महत्त्वावर बोलायला सुरुवात केली. कबरीनं पोटभर खाल्लं आणि मागे सरली. आत जाताना निमूट गेलेली शिंगं परत यायला तयार होईनात. ती हिसडे मारू लागली. तिचं पोट चौकटीवर आपटू लागलं.

आईनं आरी मागितली. बाबा गव्हाणीपुढे आडवे आले.

"आत्ता पूजा झाली. पूजेच्या वस्तूले आरी लावतेत काय?"

"मंग तिचे शिंगं कापता काय?"

सरपंचांनी आवाज चढवून भाषण चालू ठेवलं. मी मध्ये पडलो. डोकं तिरपं केलं की निघतं, असं माझं शास्त्र होतं. कबरीला ते समजावणं अवघड होतं, म्हणून निदान बाबांना समजावं यासाठी शेजारच्या फटीत मी स्वतःचं डोकं घातलं. तिरपं करून. ते गेलं. परत निघताना कान आडवे आले.

"निघून राह्यलं काय?" बाबांनी चौकशी केली.

मी म्हटलं, निघेलच.

तोवर आई स्वतःच आरी घेऊन आली. "बाजूले व्हा. तिच्या पोटात जीव हाये."

 बाबा तिच्याकडे पाहून बाजूला झाले. कबरीच्या पलीकडची पट्टी कापली गेली, ती सुटली आणि थरथरत खाली बसली. आई तिच्या पोटावर हात ठेवून बसली. भाषणही थांबलं. त्या शांततेत मी हळूच विचारलं, "आई, माह्यी पट्टी?"

"तू थांब. तू काय गाभण हायेस?"

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "हालून राह्यलं." सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. मीही सोडला, तसं समोरचं कुटार उडून माझ्याच डोळ्यांत गेलं.