मोहितेअण्णांनी न केलेली सही

१. होसकोट्याच्या एका कारखान्यासाठी आम्ही व्हर्च्युअल मशीन तयार केले : मोठ्या संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक, अख्खा एका फाइलमध्ये.
२. कारखान्यात त्याला पडदा नसणार होता. त्याच्याशी बोलायची वाट एकच, सिरियल कन्सोल : केबलमधून येणाऱ्या अक्षरांच्या ओळी.
३. मोहितेअण्णांनी केबल जोडली. एकही अक्षर आले नाही. त्यांनी सही नाकारली.
४. ‘पडद्यावर चालतंय ना, अण्णा? पुरे,’ असे म्हणून व्यवस्थापकांनी फाइल पाठवली. कारखान्यात मशीन मुके राहिले.
५. नंतर चाचणीच्या अहवालात आले : ‘कन्सोल तपासला. मोहिते.’
६. ही ओळ सांगितली व्यवस्थापकांनी. टाइप मी केली.

अण्णांच्या साठीनिमित्तच्या गौरवग्रंथासाठी संपादक मंडळाने माझ्याकडे चार गोड शब्द मागितले. ते माझ्याकडे आहेत, पण वरच्या सहा ओळी गाळल्या तर ते खोटे ठरतील.

मी चाचणी विभागात रुजू झाले त्या दिवशी अण्णा म्हणाले, ‘पुण्याच्या का, अक्का? सरी, बरं. चुका काढायला शिकवायला नको.’ ते चिकपेटात, कानडी बाजारपेठेतल्या कापडाच्या दुकानात वाढलेले. ‘ठाण वरून बघायचं नसतं, उलगडायचं,’ असे म्हणत ते चाचणीपूर्वी पडद्याची वायर स्वतः काढून ठेवत. कन्सोलवर आलेली पहिली ओळ पेन्सिलीने वहीत उतरवल्याशिवाय त्यांनी कधी सही केली नाही.

राजाजीनगरात एकट्या मुलीला खोली मिळेना, तेव्हा ते घरमालकांच्या पायरीवर जाऊन बसले. ‘बहीण आहे माझी. उशीर झाला तर मला ओरडा.’ खोली मिळाली.

त्या अहवालाने चूक अण्णांच्या नावावर चढली, आणि याच अण्णांना चाचणीतून काढून भांडारात बसवले गेले. मी विचारले, ‘तुम्ही बोलत का नाही?’ ते म्हणाले, ‘तुमची नोकरी नवी आहे, अक्का. स्वल्प थांबा.’ मी थांबले. मंडळाच्या पत्रात याला ‘अण्णांचा सोशिक स्वभाव’ म्हटले आहे. तो स्वभाव नव्हता. आमचा भेकडपणा त्यांनी वाहिला. ज्यांनी त्यांना भांडारात पाठवले, तेच आता शाल घेऊन उभे आहेत.

गेल्या आठवड्यात मी अण्णांकडे वही मागितली. त्यांनी ती दिली. त्या दिवसाच्या पानाची प्रत सोबत आहे. पेन्सिलीने दोनच शब्द : ‘काही नाही.’

अण्णांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, आणि त्यातली पुष्कळ वर्षे त्यांचे नाव स्वच्छ असो. हे पान त्यांच्या छायाचित्रासमोर आणि वरच्या सहा ओळी माझ्या नावासह छापणार की नाही, ते मंडळाने येत्या शुक्रवारपर्यंत लेखी कळवावे.