बत्तीस विसा आणि वर एक

इथे एवढे अनुभवी लोक लिहितात, त्यात माझ्यासारख्यानं लिहिणं आगाऊपणाचंच, म्हणून आधी माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजला गेलेला मी पहिलाच. अंगात येणं वगैरे मी कधी मानलं नाही... आजही मानतो असं म्हणवत नाही.

गाव निमोणे, तालुका शिरूर. नव्वदच्या दशकाचा शेवट, मी शिरूरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. आई आणि मी मामांकडे राहायचो. मामा मेंढरं राखायचे, शाळेत कधी गेलेले नाहीत. जत्रेत ढोल वाजले की बिरोबा त्यांच्या अंगात यायचा. मग ते पुढच्या सालाचं सांगायचे – पाऊस, रोगराई. लोकही प्रश्न विचारायचे.

त्या आठवड्यात सरांनी एक संख्या दिली होती. बत्तीस वेळा दोन मांडून त्यांचा गुणाकार करायचा, वर एक मिळवायचा. चारशे एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. ही मूळ संख्या, की हिला कशानं भाग जातो? वर्गात कुणालाच जमलं नव्हतं.

जत्रेच्या दुपारी मी मंदिरासमोर पुढं झालो. "देवा, बत्तीस दोनांचा गुणाकार, आणि वर एक. कशानं भाग जातो?"

मामा घुमत होते. म्हणाले, "बत्तीस विसा... आन् वर एक."

मेंढरं ते अशीच विसांत मोजायचे, वीसांचा एक विसा. मला वाटलं, माझेच शब्द फिरवले.

"देवानं माझंच मला परत दिलं की," मी म्हणालो आणि हसलो.

मागून कुणीतरी म्हणालं, "कालिजात नापास झाला म्हना देव." मग सगळेच हसले. मामांचं घुमणं तिथंच थांबलं.

सोमवारी लायब्ररीत सहज भागाकार मांडला. बत्तीस विसा आणि एक, म्हणजे सहाशे एक्केचाळीस. बाकी शून्य. पुन्हा केला – शून्यच. सर म्हणाले, एका थोर गणितज्ञानंही ही संख्या मूळ धरली होती. हा विभाजक फार पुढं सापडला. हे ज्या धड्यात होतं, तो मी उघडलाही नव्हता.

संध्याकाळी मामांना सांगितलं.

"म्या काय बोललो, मला कुठं आठवतंय?" ते म्हणाले. "तू हसला, तेवढं ऐकू आलं."

पुढच्या जत्रेत ढोल वाजत राहिले, मामा भंडारा लावून नुसते उभे. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. गाव म्हणू लागलं, भाच्यानं थट्टा केली म्हणून देव गेला. आईशी बायका बोलेनात. मी भागाकाराचं सांगून पाहिलं. लोक म्हणाले, आता कशाला सारवासारव करतोस. मग मी दौंडला नोकरी धरली आणि जत्रेला जाणं सोडलं.

योगायोग म्हणावा, तर एवढ्या आकड्यांतून नेमका तोच कसा?

गेल्या महिन्यात मामांचा मुलगा सोपान दौंड स्टँडवर भेटला. चहा घेताना म्हणाला, "तुला न्हाई कळलं व्हय? यंदा आबा गावासमोर उभं ऱ्हायलं. म्हनलं, माझ्या अंगात देव कवाच येत न्हवता, समदं सोंग व्हतं. भाच्याला आन् त्याच्या आईला बोल लावू नका."