खुर्चीला पांघरलेली शाल

आमचं ऑफिस मुरूडला, एका बंद पडलेल्या लॉजच्या पहिल्या मजल्यावर आहे. खोल्यांचे नंबर अजून दारांवर तसेच आहेत. मी एकशे तीनमध्ये बसते. खिडकीतून समुद्र दिसत नाही, मागच्या वाडीतली सुपारीची झाडं दिसतात. मी दिघीची. सकाळी उशिराची बोट धरून आगरदांड्याला उतरते आणि तिथून सहा आसनी रिक्षाने मुरूडला येते. आमची गिऱ्हाइकं युरोपातली असल्यामुळे ऑफिसचा दिवस जेवणाच्या सुमारास सुरू होतो. परत जाताना मात्र शेवटच्या बोटीची धास्ती कायम डोक्यात असते.

ऑफिस ज्यांचं आहे त्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो. ते मूळचे मुरूडचे. नवी मुंबईतल्या कंपन्यांमध्ये बरीच वर्षं काढून परत आले, ते एकच गोष्ट डोक्यात घेऊन. जे काम ऐरोलीला येतं ते मुरूडला का येऊ नये? लाइट जाते, तर इन्व्हर्टर लावू. नेट जातं, तर दोन कनेक्शनं घेऊ. त्यांनी आसपासच्या गावांतली मुलं-मुली गोळा केली आणि लॉजच्या पलंगांच्या जागी टेबलं मांडली.

त्या वर्षी एक मोठं काम यायच्या बेतात होतं. उत्तरेकडच्या एका थंड देशात बेटाबेटांमधून बोटी चालतात. त्यांची तिकिटं काढायची यंत्रणा एका लहान कंपनीची होती. ती सगळी एका माणसाने लिहिली होती आणि तोच ती सांभाळत होता. कंपनीच्या मालकीणबाईंना आता आणखी बेटं घ्यायची होती आणि खर्च खाली आणायचा होता. पहिल्याच मीटिंगमध्ये त्यांनी हे न लाजता सांगितलं. तिकडच्या एका पगारात इकडची आमची अख्खी खोली चालणार होती. मग त्या माणसाबद्दल त्या म्हणाल्या की ते ऑक्टोबरपर्यंत आमच्याकडे आहेत, तोवर ते तुमच्यापैकी एकाला शिकवतील. शेवटी त्यांनी सांगितलं की तुमचा माणूस एकट्याने यंत्रणा चालवू शकतो असं ते म्हणाले, तर काम तुमचं. नाहीतर दुसऱ्या एका देशातल्या ऑफिसशीही आमचं बोलणं चालू आहे.

त्या एकासाठी दादांनी मला निवडलं. मी इंग्रजी माध्यमातली, म्हणून. लोकांना वाटतं, इंग्रजी शाळेत गेलेली मुलगी म्हणजे फाडफाड बोलणार. मला इंग्रजी येतं, बोलणं येत नाही. मराठीतही येत नाही. शाळेत उत्तर माहीत असूनही मी हात वर करत नसे. शेजारच्या टेबलावरचा माझा सहकारी मला कॉन्व्हेंट म्हणतो. त्या दिवशी तो म्हणाला, "दादा, कॉन्व्हेंटला पाठवताय खरं, पण समोरच्याला वाटायचं नेट गेलं."

मी हसले, पण मला धडकी भरली होती. हे काम आलं नाही तर दादांना निम्म्या टेबलांचा पगार परवडणार नव्हता, हे सगळ्यांना कळत होतं. आईने ऐरोलीच्या मावशीशी आधीच बोलून ठेवलं होतं. मी त्याआधी एक वर्ष तिकडे राहून आले होते, चार मुलींच्या खोलीत. त्या वर्षाबद्दल मी घरी फारसं काही सांगितलेलं नाही. परत जायचं नव्हतं, एवढंच.

शिकवणी व्हिडिओ कॉलवर सुरू झाली. शिकवणाऱ्यांचे केस पूर्ण पांढरे होते आणि मागे पुस्तकांऐवजी दोरखंडांची वेटोळी टांगलेली दिसायची. मी त्यांना सर म्हटलं तेव्हा ते म्हणाले, सर म्हणू नकोस. नुसतं नाव घेणं मला शक्यच नव्हतं. त्यामुळे पुढचे महिने मी त्यांना कशानेही हाक मारली नाही. आमचं बोलणं इंग्रजीत चाले. इंग्रजीत सगळ्यांना एकच संबोधन. पण माझ्या कानात ते मला कायम 'तू' म्हणत आणि मी त्यांना 'तुम्ही'.

तेही कमी बोलणारे निघाले. मला ते बरं वाटलं. ते स्क्रीनवर एखादा भाग उघडत, थोडं सांगत आणि थांबत. मी वाचून होईपर्यंत खरंच थांबत. अधूनमधून त्यांच्या खिडकीबाहेर समुद्रपक्षी ओरडायचे. मग मी प्रश्न विचारायची, आणि पहिल्यांदाच कोणासमोर तरी प्रश्न विचारताना मला वाक्य आधी मनात जुळवून ठेवावं लागत नव्हतं.

एकदा एक गोष्ट मला अडली. प्रत्येक बेटाकडे जाणाऱ्या शेवटच्या बोटीवर काही जागा यंत्रणा विकतच नव्हती. बोट सुटायची वेळ होईपर्यंत त्या अडवून ठेवलेल्या असायच्या. मला ती चूक वाटली. त्यांनी सांगितलं, चूक नाही. त्या बेटावर राहणाऱ्यांसाठी आहेत. कोणी हॉस्पिटलमधून परतत असतं, कोणी मयतीहून. पर्यटकांनी बोट भरली म्हणून त्यांनी रात्र धक्क्यावर काढायची का?

मी म्हटलं, आमच्याकडे हे खलाशी करतात. सुट्टीच्या दिवसांत मुंबईच्या गाड्यांची रांग आगरदांड्याच्या उतारापर्यंत लागते. तरी शेवटच्या बोटीवर पेशंटची रिक्षा आली की खलाशी हाताने एक गाडी मागे घ्यायला लावतो. शिव्या खातो, पण घेतो. आम्ही कोणी ते कुठे लिहून ठेवलेलं नाही.

ते पहिल्यांदा मोठ्याने हसले. म्हणाले, मी तुमचा खलाशीच लिहून ठेवलाय म्हणजे.

त्यानंतर आमचं बरं जमलं. आषाढ आला तेव्हा बराचसा भाग शिकून झाला होता आणि एक दिवस दादा उत्साहाने एकशे तीनमध्ये आले. गुरुपौर्णिमेला सत्कार करायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. इतकी वर्षं एकाच कंपनीत राहिलेला माणूस निवृत्त होतोय, आणि जाता जाता आपल्या पोरीला सगळं देऊन जातोय. त्याला कोरडे आभार कसे मानायचे?

इथे मला थोडं थांबून सांगायला हवं. ते निवृत्त होतायत असं आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. ऑक्टोबरपर्यंत आहेत, एवढंच सांगितलं होतं. पण त्यांचे केस पांढरे होते, आणि आमच्याकडे पांढऱ्या केसांचा माणूस नोकरी सोडतो ती एकाच कारणाने. दादांचे वडील एसटीच्या डेपोतून निवृत्त झाले तेव्हा त्यांना सजवलेल्या जीपमधून घरापर्यंत आणलं होतं. पुढे बँजो पार्टी, नाक्यावर फोटोचा फ्लेक्स. त्या तारखेची चर्चा घरात वर्षभर आधीपासून होती. असं काही माणसाच्या स्वतःच्या कानावर शेवटी येतं, हे आमच्यापैकी कोणाच्या मनातही आलं नाही.

दादांनी मालकीणबाईंनाही बोलावलं होतं. त्यांनी जमणार नाही असं कळवलं. बहुधा त्यांना वाटलं असेल, आमचा कुठलातरी सण आहे.

त्या दिवशी दोन टेबलं जोडून वर चादर घातली. ताटात शाल, श्रीफळ आणि वाडीतल्या अनंताची फुलं. एका खुर्चीवर उशा रचून त्यावर लॅपटॉप ठेवला, म्हणजे ते बसलेल्या माणसाच्या उंचीवर आले. दुसरा एक लॅपटॉप त्याच कॉलवर होता, त्यावर त्यांचा चेहरा आणि त्यांना आमचं काय दिसतंय ते, दोन्ही दिसत होतं. आपल्यासाठी काहीतरी चाललंय हे पाहून ते ओशाळले होते आणि खूश होते. त्यांनी स्वच्छ शर्ट घातला होता.

मी लिहून आणलेली चार वाक्यं वाचली. त्यात शिकवल्याबद्दल आभार होते. कागदावरून नजर उचलली नाही, पण वाचली. मग दादा उठले. शाल कोणाला घालायची हा प्रश्न ऐनवेळी पडला. स्क्रीन झाकली जाऊ नये म्हणून त्यांनी ती खुर्चीच्या पाठीला पांघरली, दोन्ही टोकं पुढे आणून लॅपटॉपच्या बाजूंनी नीट सोडली. नारळ पुढ्यात ठेवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि दादा त्यांच्या इंग्रजीत मनापासून म्हणाले की ऑक्टोबरनंतर आता तुम्ही निवांत व्हा, घरच्यांना वेळ द्या, तुमच्या निवृत्त आयुष्याला आम्हा सर्वांच्या शुभेच्छा.

स्क्रीनवर त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं. फक्त त्याच्या मागचं काहीतरी गेलं. त्यांनी विचारलं, "हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

दादांना वाटलं, माणूस संकोची आहे. ते म्हणाले, "सगळ्यांना माहीत आहे, सर. आम्हाला आनंद आहे."

पुन्हा थोड्या टाळ्या वाजल्या. ते म्हणाले, तुम्ही फार चांगले लोक आहात. मग स्क्रीन काळी झाली. सहकारी म्हणाला, भावुक झाले. मी दुसऱ्या लॅपटॉपवर त्यांचा चेहरा जवळून पाहिला होता.

दुसऱ्या दिवशी ते कॉलवर आले नाहीत. मालकीणबाई आल्या, दादा दार लावून त्यांच्याशी बोलले, आणि बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. ते सरळ माझ्यापाशी आले.

"त्याला ठाऊकच नव्हतं गं," ते म्हणाले. "बाई त्याला सप्टेंबरात सांगणार होती. त्याला वाटत होतं आपल्याला मदतनीस देतायत."

मी विचारलं, आता?

"आता त्याने तुला हो म्हणायचं की नाही, ते त्याच्यावर हाय. मी असतो तर नसतं म्हटलं."

खुर्चीवरची शाल कोणी काढली नव्हती. लॅपटॉप तेवढा उचलला होता. येताजाता सगळे तिला वळसा घालून जात होते.

घरी मी आईला सांगितलं. ती भाजी चिरत होती. तिला माझी नोकरी जाते की काय याचीच काळजी असेल, असं मला वाटलं होतं. तिने विचारलं, "आणि त्या माणसाच्या घरी कोण हाय?" मला माहीत नव्हतं. इतके महिने रोज बोलून मला त्यांच्या घराबद्दल दोरखंडांपलीकडे काही माहीत नव्हतं.

ते कॉलवर परत आले तेव्हा मी नेहमीच्या वेळेला नेहमीच्या जागी बसले होते. माझा कॅमेरा एरवी बंद असे. त्या दिवशी मी तो चालू ठेवला. चेहरा कसा ठेवायचा ते कळत नव्हतं, पण ठेवला.

त्यांनी विचारलं, "तुला माहीत होतं?"

मी म्हटलं, "आम्हाला वाटलं तुम्ही निवृत्त होताय. आमच्याकडे हे माणसाला सगळ्यांच्या आधी माहीत असतं."

त्यांच्या खिडकीबाहेर पक्षी ओरडत होते. मी माफी मागणार होते, पण ती कोणाच्या वतीने मागायची हे ठरेना. मग ते म्हणाले, "म्हणजे माझ्या निरोपाला तुम्हीच तेवढे आलात." आणि पुढचा भाग उघडला.

उरलेले आठवडे त्यांनी काहीच हातचं राखलं नाही. किंबहुना आधीपेक्षा जास्त सांगितलं. कुठला भाग कुठे फसवतो, कुठल्या बंदरावरची बाई फोन करून ओरडते आणि तिचं ओरडणं का बरोबर असतं. गंमत मात्र गेली. हसणं गेलं. मी शिकत होते आणि मला कळत होतं की मी जितकं नीट शिकेन तितकी त्यांची ती खोली लवकर रिकामी होणार. तरीही मी नीट शिकले. न शिकून त्यांना काय मिळणार होतं, असं मी स्वतःला म्हणायचे. ते खरंही आहे आणि सोयीचंही.

शेवटच्या मीटिंगला सगळे होते. मालकीणबाईंनी त्यांना विचारलं, ही एकटीने चालवेल का? दादांनी टेबलाची कड घट्ट धरली होती. स्क्रीनवरून ते म्हणाले, "ती चालवेल." बाकी काही नाही. दादांनी डोळे मिटले. मला ऐरोलीची खोली आठवली, आणि सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या वाटण्याकडे मला नीट बघवेना.

नंतर आम्ही दोघंच कॉलवर राहिलो. त्यांनी विचारलं, त्या दिवशी ताटात काय होतं? मी सांगितलं. शाल कशाला, नारळ कशाला, तेही जमेल तसं सांगितलं.

"नारळ नको," ते म्हणाले. "शाल पाठव. इथे थंडी असते."

मग थांबून म्हणाले, "त्या शेवटच्या बोटीवरच्या जागा. त्या काढून टाक म्हणतील."

मी म्हटलं, माहीत आहे. न पाळता येणारं काही मला बोलायचं नव्हतं. त्यांनी मान हलवली आणि गेले.

शाल मी खुर्चीवरून काढून, घडी करून, अलिबागला जाऊन पाठवली. पत्ता लिहिताना कळलं की ते स्वतः त्यातल्याच एका बेटावर राहतात. कुरिअरच्या माणसाने विचारलं, आत काय आहे, किंमत किती लिहू? मी म्हटलं, वापरलेली शाल. पोचल्याचा मेसेज आला. त्यांच्याकडून काही आलं नाही.

मालकीणबाईंनी त्या जागांबद्दल यंदा विचारलं. गर्दीच्या दिवसांत त्या रिकाम्या जातात, विकायला सोडा, असं त्यांचं म्हणणं. मी मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोर, म्हटलं की या जागा कोणासाठी आहेत ते आधी त्या बेटांवरच्या लोकांना विचारा. माझा सहकारी माझ्याकडे बघतच राहिला. त्यांनी विचारून सांगते म्हटलंय. अजून सांगितलेलं नाही. रोज काम संपवून निघायच्या आधी मी एकदा यंत्रणा उघडून बघते. जागा आहेत. मग मी माझी शेवटची बोट धरायला निघते.