काकूंनी मीठ वाढलं नाही

इंग्लंडमधल्या आमच्या लेस्टरच्या मराठी मंडळात सुलक्षणाकाकूंना सगळे घाबरतात. मी नाही. मी शाळा सोडली तेव्हा बाकीच्यांनी लेक्चर दिलं, काकूंनी विचारलं, "जेवलास का?" बास. त्यांच्याबद्दल कोणी वाकडं बोललं तर माझ्याशी गाठ आहे.

काकूंनी आयुष्यभर फॅक्टरीत मोजे शिवले. शेजारच्या मशीनवर लाउबाई, चायनीज. दोघींचं इंग्लिश बेकार, पण गप्पा कधी थांबल्या नाहीत. रिटायर झाल्यावर लाउबाईंच्या म्हाताऱ्या मंडळींना काकूंनीच आमचा हॉल मिळवून दिला. दर मंगळवारी ते तिथे जेवायचे, पत्ते खेळायचे. दुसरी जागाच नव्हती त्यांना.

२००३ला चीन-हाँगकाँगकडे सार्स पसरला. आमच्याकडे कुणालाच झाला नव्हता. तरी अध्यक्ष मोहनदादांनी फोनवरच कमिटीची मीटिंग उरकली आणि दारावर कागद लावला: चायनीज ग्रुपला हॉल बंद.

पाडव्याला त्याच हॉलमध्ये पंगत बसली. ताटात आधी मीठ पडतं, मग बाकीचं. मीठ नेहमी काकू वाढतात. त्या दिवशी मिठाची वाटी घेऊन नुसत्या उभ्या.

"काकू, वाढा ना, पुऱ्या गार होतायत," मोहनदादा म्हणाले.

"होऊ देत. आधी तो कागद काढ."

"अहो, सेफ्टीसाठी केलंय. सगळ्यांच्या भल्यासाठी."

"पुण्यात प्लेग आला तेव्हा गोऱ्या सरकारनंही असाच घाईत कायदा केला. भल्यासाठीच. गोरे सोजीर, शिपाई, बूट घालून माझ्या आजीच्या स्वयंपाकघरात घुसले, भांडीकुंडी रस्त्यावर फेकली. आजी मरेपर्यंत सांगायची."

काकूंचा आवाज जराही चढला नव्हता.

"लाउबाई हाँगकाँगला शेवटची कधी गेली, माहितीय?"

"मला काय माहीत?"

"नवरा होता तेव्हा. आणि तू?"

मोहनदादा समोरचं ताट सरळ करायला लागले. बँकेच्या कामाला जाऊन मागच्याच आठवड्यात तिथून आले होते. त्यांच्या शेजारी बसलेल्या मीनलताईंनी आपलं ताट हळूच लांब सरकवलं. मला हसूच फुटलं.

"मीनल, सरक परत," काकू म्हणाल्या. "तो आपलाच आहे."

मोहनदादा उठले. कागद टरकावल्याचा आवाज आतपर्यंत आला. परत येऊन खाली मान घालून बसले. काकूंनी पहिलं मीठ त्यांच्याच ताटात वाढलं.

मंगळवारी मी मुद्दाम हॉलवर गेलो. लाउबाई पत्ते पिसत होत्या. समोर काकू बसल्या होत्या, हरत होत्या, आणि वर भांडत होत्या.