चाळीसबाईंची भाकरी

आक्का गेली तेव्हा मी गिरणीत होतो. अडीच किलो ज्वारी दळायला टाकली होती. बायकोचा फोन आला, "दळण ऱ्हाऊ दे, घरला या." काय झालंय ते कळलं, तरी मी दळण घेऊनच निघालो. ते पीठ आक्कासाठीच होतं... आज त्याला तीन आठवडे झाले.

आक्का माझी थोरली बहीण, नऊ वर्षांनी मोठी. गगनबावड्याच्या वाटेवरच्या एका शाळेत तिने एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर ती कोल्हापुरात आमच्याकडेच राहिली. पचनाचा धडा आला की ती घरून भाकऱ्या न्यायची आणि प्रत्येक मुलाला कोरडा तुकडा द्यायची. गिळायचं नाही, चाळीस वेळा चावायचं. लाळेतला पाचक रस पिठाची साखर करतो आणि भाकरी आपसूक गोड लागते. गावात तिचं नावच पडलं, चाळीसबाई. एकदा मंडईत एक मिशीवाला गडी तिला म्हणाला, "बाई, तुमच्यामुळं जेवाय तास लागतोय. बायकू ताट उचलून न्हेती." आक्काने त्याच्या पोटाकडे बघितलं. "मग ह्ये कशानं वाढलंय रं?"

तीन वर्षांपूर्वी तिच्या जबड्याखालच्या लाळग्रंथीत गाठ निघाली. ऑपरेशनमध्ये जिभेकडे जाणारा मज्जातंतू कापावा लागला, नंतर रेडिएशन झालं. चेहऱ्यात कळा यायच्या. त्यावरच्या गोळ्यांनी उरलीसुरली लाळही आटली. डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं : मज्जातंतूकडून निरोप येईनासा झाला की ग्रंथी सुकत जाते. मग त्यांनी लाळ सुटण्याची गोळी दिली. तंतू तुटलेली ग्रंथी कधीकधी औषधाला नको इतकी दाद देते, हेही सांगितलं. पहिल्याच दिवशी दोन टॉवेल भिजले, दरदरून घाम आला, भोवळ आली. "पंचगंगेगत झालंय बघ," तोंड पुसत आक्का म्हणाली, "नको तवा पूर." चौथ्या दिवशी गोळी बंद केली. मग नुसती कोरड.

जेवण तिने जवळजवळ टाकलंच. "माती चावल्यागत वाटतंय," म्हणायची. मी फार मागे लागलो तेव्हा म्हणाली, "एकदा भाकरी गोड लागू दे, मग अख्खी खाईन." मी वही केली. रोज सकाळी एक तुकडा, ती चावायची आणि मी मोजायचो. साठ, नाही. ऐंशी, नाही. एकशे वीस, नाही. चोपन्न किलोची आक्का एक्केचाळीसवर आली.

शेवटी मी बायकोला पिठात गूळ घालायला सांगितलं. "आक्कांना फसवताय व्हय?" ती म्हणाली, पण मूठभर घातला. आक्का चावू लागली. चाळीसला थांबली, पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाली, "लागली की रं गोड. बरोबर चाळीसला."

मी वहीत चाळीस लिहिलं. हात धुताना लक्षात आलं... गुळाची भाकरी पहिल्याच चावण्याला गोड लागायला हवी होती. तिला काहीच लागलं नव्हतं, गूळसुद्धा. बाहेर येऊन पाहिलं तर ती उरलेली भाकरी एकेक तुकड्याने, पाण्याबरोबर, औषधासारखी उतरवत होती. शब्द दिला होता ना.

मी पुढेही रोज गूळ घालायला लावत राहिलो, ती रोज चाळीसला गोड म्हणत राहिली. वहीत पुढची एकोणीस पानं चाळीसच आहेत. वजन तरीही उतरतच गेलं. शेवटचा आकडा सदतीस.

काल बायकोने त्या राहिलेल्या पिठाची भाकरी केली. पीठ जुनं झालंय, भाकरी कडेने चिरली. तिच्यात गूळ नव्हता. मी कोरडा तुकडा तोंडात टाकला आणि मोजू लागलो. अडतिसाव्या चावण्याला तोंडात गोडवा उतरला... काही न करता, आपसूक. घास तसाच तोंडात धरून मी बराच वेळ बसून राहिलो.