खारूनच्या पाण्यातली आत्या

माणसांचे आभार मानणं आत्याला कधी जमलं नाही. कोणी बसायला जागा दिली तरी "बसते, बसते, घाई काय आहे!" म्हणून खेकसायची. खारून नदीतून बाहेर येताना मात्र मागे वळून हात जोडायची आणि सगळ्या घाटाला ऐकू जाईल असं म्हणायची, "आजचं झालं, माय. लय उपकार."

आमच्या ब्राह्मणपारा वस्तीत तिला पाणकोंबडी म्हणत. साठीतली विधवा बाई पंजाबी ड्रेस घालून रोज सकाळी पोहायला जाते, हे आमच्या गल्लीला पचत नव्हतं. माझ्या बाबांना, तिच्या सख्ख्या थोरल्या भावाला, तर मुळीच नाही.

नवरा गेला तेव्हा ती तिशीचीही नव्हती. सासरच्यांनी तिला घरात डांबल्यासारखं ठेवलं. कपडे धुवायच्या निमित्तानं ती नदीवर जायची आणि तिथंच पोहायला शिकली. पुढे शाळेत नोकरी लागली, वेगळं घर केलं, पण नदी सोडली नाही. "तिथं शांत वाटतं म्हणून जातेस का गं?" मी एकदा विचारलं. तिचा आवाज चढला. "नाही गेली तर कोणाचं तरी डोकं फोडीन मी!"

चार वर्षांपूर्वी मी बिलासपूरचं सासर सोडून आले. नवऱ्यानं हात उचलला होता, आणि ती पहिली वेळ नव्हती. बाबा म्हणाले, "काही दिवस बाहेर निघू नको. लोकांले काय सांगायचं ते मी पाहतो." काही दिवसांचे दोन महिने झाले. शेजारीण आली की मला आतल्या खोलीत पाठवत. मार मी खाल्लेला, आणि तोंडही मीच लपवायचं!

एका सकाळी आत्या मोपेड घेऊन दारात उभी राहिली. "बस मागं."

"बाबा रागावतील."

"रागावू दे. तुले नाही येत काय राग?"

येत होता. कमरेएवढ्या पाण्यात उतरल्यावर मला रडूच फुटलं. आत्या ओरडली, "काहून रडून राहिली? शिव्या दे त्याले!" मी दिल्या. नवऱ्याला, सासूला, शेवटी बाबांनाही. दम लागला तेव्हा तिनं माझ्या पाठीखाली हात घातला. "आता पड. मी धरते." कान पाण्याखाली गेले आणि सगळे आवाज थांबले. वर फिकट आभाळ होतं, त्यात एक बगळा. दोन महिन्यांत पहिल्यांदा मी छाती भरून श्वास घेतला. राग होताच, पण त्यानं माझा गळा सोडला होता.

पाचव्या दिवशी बाबा घाटावर आले. "निघा बाहेर दोघी! तमाशा करून राहिल्या काय?"

आत्या पाण्यातून हलली नाही. "दादा, पोरीले मारलं त्यानं. त्याच्या दारात जाऊन ओरडला काय तू एकदा तरी? का इथंच गळा निघते तुझा?"

बाबा आले तसे परत गेले. त्याच आठवड्यात मी वकिलाकडे गेले.

गेल्या हिवाळ्यात आत्या गेली. हृदयविकाराचा एकच झटका. तेराव्याला आलेले नातेवाईक म्हणू लागले, "फार सोशिक बाई. कधी तक्रार नाही." मला राहवलं नाही. "सोशिक नव्हती ती! तिला तुम्हां सगळ्यांचा राग यायचा. आणि तुम्ही तिला पाणकोंबडी म्हणून हसायचात." बाबा पानाकडे बघत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नदीवर निघाले, तर बाबा चपला घालून फाटकाशी उभे. "मले पण ने."

घाटावर पँट दुमडून ते घोटाभर पाण्यात उतरले. मग म्हणाले, "एवढं थंड? अशा थंडीत यायची ती?"

"रोज."

"मी कधी विचारलंच नाही तिले." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुले पण नाही विचारलं."

मी 'जाऊ द्या' म्हटलं नाही. आजही म्हणणार नाही. पण पायरी शेवाळानं निसरडी होती आणि बाबा सत्तरी ओलांडलेले. मी त्यांचं मनगट घट्ट धरलं, आणि आम्ही आणखी एक पायरी खाली उतरलो.